हळद धसईला, दहाच्या आत

सकाळी 7

कालच्या हळदीची पिवळी भुकटी बेंजोच्या चाव्यांखाली जाऊन बसलीय. ओटीवर बसून दातांच्या जुन्या ब्रशने ती काढतोय. एक चावी दाबली की वर यायला वेळ लावतेय. तिच्या स्प्रिंगला शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडला. दोन थेंब पडले तर तेल तारेवर उतरतं आणि सूर बोथट होतो, म्हणून काडीच्या टोकावर घेऊन सोडायचं.

आई हंडे घेऊन टँकरच्या रांगेत गेलीय. भातसा आणि तानसा, मुंबईला पाणी पाजणारी ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, पण मे महिन्यात पाड्यावर टँकर चुकत नाही. लग्नाचा हंगामही नेमका हाच. पाऊस पडला की आम्ही सगळे भाताच्या आवणीला, आमची बेंजो पार्टी बंद. जे काही वाजवायचं आणि कमवायचं, ते तुळशीच्या लग्नापासून मिरग लागेपर्यंत.

बेंजो म्हणजे मूळचा बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 1912 मध्ये तायशोगोतो बनवलं, तेच फिरत फिरत आपल्याकडे आलं. लाकडी खोका, वर ताणलेल्या पोलादी तारा आणि टाइपरायटरसारख्या चाव्या. डाव्या हाताने चावी दाबली की पट्टी तारेवर बसते, उजव्या हाताने तार छेडायची. आम्ही खाली तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवलाय आणि बाजूच्या साथीच्या तारा काढूनच टाकल्यात. भोंग्यावर त्या नुसत्या घुमतात, ऐकू काही येत नाही.

सकाळी साडेनऊ

काकांच्या रिकाम्या गोठ्यात तालीम. ऑक्टोपॅडवाला मुरबाडच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून थेट इथे आलाय, डोळे लाल. ढोलकीवाला पडघ्याला गोदामात माल चढवतो, आज खाडा. कच्छी ढोलवाला आणि गाडीवाला दोघे सख्खे भाऊ. सगळ्यात लहान कॅसिओवाला. आसनगावहून लोकल पकडून कल्याणला कॉलेजला जातो आणि येताना कानात भलतंच काहीतरी घेऊन येतो.

गेल्या हंगामात त्याने मोबाइलवर एक अमेरिकन बँड ऐकवला होता. ड्रम सुसाट, गिटार त्याहून सुसाट, गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतोय. पण त्या गोंधळाच्या वर एक सरळ, गुणगुणता येईल अशी चाल चाललीय, आणि खालची गर्दी ती गायकाबरोबर गातेय. याला मेलडिक हार्डकोर म्हणतात, तो म्हणाला. वॉशिंग्टनला 1985 मध्ये डॅग नॅस्टी नावाचा बँड निघाला, तो याच्या सुरुवातीच्या बँडांपैकी. असल्या बँडांची मुलं एका व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव जायची, मिळेल तिथे झोपायची. ब्लॅक फ्लॅग बँडच्या हेन्री रोलिन्सने आपल्या फिरतीची रोजनिशीच 1994 मध्ये पुस्तक म्हणून छापली.

"म्हंजे आपली पिकअप गाडीच की," गाडीवाला म्हणाला.

मला मात्र त्यात वेगळंच दिसलं. बेंजोची तार एकदा छेडली की आवाज क्षणात विझतो. लांब सूर धरायचा तर उजवा हात अखंड थरथरत ठेवावा लागतो, नाहीतर सूर तुटला. म्हणजे आमच्या वाद्यात संथ चाल वाजवायलाही हात सुसाटच लागतो. त्या गिटारवाल्याचा हात मी पुन्हा पुन्हा बघितला. तो माझाच हात होता.

तेव्हापासून आमचा एक पीस चाललाय. आगरी-कोळी गाण्यांचा ठेका सहाचा, झुलता, त्यावर कंबर आपोआप हलते. कॅसिओवाल्याच्या बँडचा ठेका चारचा, ताठ, पळता. दोन्ही एकत्र बसवायला गेलो की ढोलकी एकीकडे आणि ऑक्टोपॅड दुसरीकडे. शेवटी ढोलकीवाल्यानेच बोटांवर मोजून दाखवलं: सहाचे दोन फेरे म्हणजे बारा, चारचे तीन फेरे म्हणजेही बारा. ढोलकीने सहा सोडायचे नाहीत, ऑक्टोपॅडने चार सोडायचे नाहीत, आणि दर बाराव्या मात्रेनंतर सगळ्यांनी एकदम समेवर आदळायचं. मध्ये कितीही भांडा.

आज पंधरापैकी चार वेळा आदळलो.

"झोप झाली असती तर दहा वेळा," ऑक्टोपॅडवाला म्हणाला.

दुपारी साडेबारा

पिकअपमध्ये माल चढवायचा. आधी जनरेटर, तो केबिनला टेकवून. मग बेसचे खोके, त्यावर भोंगे, अँप्लिफायर गोधडीत गुंडाळून मधे. वाद्यं शेवटी, कारण ती आधी उतरतात. ऑक्टोपॅड मात्र ऑक्टोपॅडवाल्याच्या मांडीवर. रोलंडचा जुना एसपीडी-20, हप्त्याने घेतलेला, त्यातले आवाज त्याने स्वतः एकेक करून बदललेत.

निघायच्या आधी यजमानांचा फोन. "मास्तर, डीजेवाला निम्म्यात येतोय. पोरं डीजे मागत्यात."

"शेठ, विसार घेतलाय. डीजे पेनड्राइव्ह लावंल. आमी तुमच्या मांडवात वाजवू."

"बघा बाबा. वाजलं पायजे."

डीजेशी आवाजात आम्ही जिंकणार नाही. त्याच्याकडे सगळी गाणी आहेत, जशीच्या तशी, न चुकता. लोकांना हवी असतात तीच गाणी आम्हालाही वाजवावी लागतात: एकवीरा आईची, हळदीची, यंदा गाजलेली. मग पार्टीचं स्वतःचं काय? माझं उत्तर असं की गाणी लोकांची, आणि दोन गाण्यांमधला सांधा पार्टीचा. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे मिनीट-दोन मिनिटं असतात, तिथे फर्माईश पोचत नाही. नवरदेव हळदीला येतो ती एंट्री, नाचणारी थकली की त्यांना पुन्हा उठवायचा तुकडा, ही आमची जागा. पार्टी ओळखली जाते ती तिथे.

दुपारी 3

शहापूर सोडून किन्हवलीच्या रस्त्याला. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही. पाठीमागे बसलेले तिघे ताडपत्रीखाली आडवे. सरळगावला कल्याणहून माळशेजकडे जाणारा महामार्ग लागतो, तिथे चहा. टपरीवाला आमच्या टी-शर्टवरचं पार्टीचं नाव वाचून विचारतो, "म्हशाच्या जत्रंला तुमीच का?"

आम्ही नव्हतो. पण म्हशाची जत्रा म्हणजे मुरबाडकरांची वर्षाची मोजपट्टी. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा, बैलांचा बाजार, घोंगड्या. तिथे वाजवलेली गोष्ट तालुकाभर जाते. कॅसिओवाला लगेच म्हणाला, "पुढल्या साली आमीच." मी चहाचे पैसे दिले.

सायंकाळी 5

धसईच्या पुढचा पाडा. मांडवात बायका गोलात बसल्यात आणि मधे धवलारीण. धवला चालू असेपर्यंत भोंग्याची वायरसुद्धा लावायची नाही, हा आमचा नेम. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण ही विधी चालवणारी बाई. हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर, चालतात. ना माइक, ना ठेका. एक ओळ ती म्हणते, ती बायका उचलतात.

मी सामानाला टेकून ऐकत राहिलो. ओळीच्या शेवटी ती वरचा सूर धरते आणि खाली येताना मधल्या एका जागी थांबते, ती जागा माझ्या चाव्यांत नाही. दोन चाव्यांच्या मधली आहे. गाणं थांबल्यावर पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"आजी, तो वरचा सूर तुमी मोडता कसा?"

"मोडायचा नाय रं पोरा. उतरवायचा. घाई कशाला?"

परत येऊन, भोंगा बंद ठेवून, नुसत्या तारेवर प्रयत्न केला. चावी दाबलेली असतानाच बोटाने पट्टी थोडी तिरकी रेटली की तार ताणली जाते आणि सूर पाव घर वर चढतो. मग रेटा हळूहळू सोडायचा. तिच्या जागेच्या आसपास गेलो. आजीने लांबून बघितलं आणि पानाचा डबा उघडला. नापसंती नव्हती, एवढंच समजलो.

सायंकाळी साडेसहा

जोडणी. उन्हात तापलेल्या तारा उतरल्यात. बेंजो लावला, मग कॅसिओवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबून आपला सूर माझ्याशी जुळवला. बेंजोला बटण नाही, त्यामुळे जुळवून घ्यायचं काम नेहमी धाकट्याकडे.

जनरेटरने एकदा मान टाकली. डिझेलमध्ये कचरा. गाडीवाल्याने तोंडाने नळी ओढून साफ केली आणि पुढचा अर्धा तास थुंकत राहिला.

सायंकाळी साडेसात

सुरुवात. पहिलं गाणं देवीचंच. बायका आधी, मग म्हातारे, मग पोरं, हा क्रम कुठल्याही मांडवात बदलत नाही. पहिला अर्धा तास आम्ही अंगणाचा अंदाज घेतो: जमीन शेणाने सारवलेली आहे की खडीची, म्हातारे कुठे बसलेत, तान्ही पोरं कुठे झोपलीत. भोंगा त्यांच्यापासून फिरवायचा.

फर्माइशी चिठ्ठ्यांवर येतात, शंभराच्या नोटेत गुंडाळून. एकच गाणं तीनदा मागितलं तर तीनदा वाजवायचं, पण तिसऱ्यांदा अंतऱ्यानंतर ढोलकीला मोकळं सोडायचं. मागणाऱ्याचं गाणंही झालं आणि ढोलकीवाल्याचं मनही रमलं.

रात्री पावणेनऊ

नवरदेव हळदीला येतोय. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलंय. मी कॅसिओवाल्याकडे बघितलं, त्याने मान हलवली.

बेंजोवर आधी एकट्याने धवल्याची चाल, आजीने उतरवली तशी उतरवत. मांडवातला कालवा खाली आला, बायकांनी माना वळवल्या, कारण चाल त्यांची. मग ढोलकी सहात आली. दोन फेरे झुलते. आणि ऑक्टोपॅडने मिनिटाला 180 ठोक्यांचा चारचा ठेका टाकला. वर चाल तीच, संथच, पण आता तिच्याखाली सगळं धावतंय. माझा उजवा हात तेवढाच थरथरतोय, जेवढा धवल्यात थरथरत होता. पोरांना आधी कळेना पाय कुठे टाकायचा. काहींनी सहा धरले, काहींनी चार, आणि बारानंतर सगळे एकाच वेळी जमिनीवर आले. दुसऱ्या फेऱ्याला त्यांनी ती जागा हेरली. तिसऱ्याला ते आमच्या आधी ओरडले.

चौथ्या फेऱ्याला कच्छी ढोल चुकला आणि पीस कोसळला. कॅसिओवाल्याने गडबड न करता गाजलेल्या गाण्याची पहिली ओळ सोडली, गर्दी त्यात वाहत गेली. कुणाला कळलं नाही. कच्छी ढोलवाल्याला कळलं, त्याचा कान लाल झाला.

रात्री पावणेदहा

बीट हवालदार गाडी लावून उभे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादाही त्याच नियमांत. पोरं "एकच, एकच" करतात, यजमान हवालदारांना सरबत देतात, आणि शिव्या पडतात मास्तरला. हळद रंगात यायची वेळ आणि आमची थांबायची वेळ एकच. म्हणून आमचे सगळे पीस आखूड. साडेसात ते दहात, पन्नास फर्माइशींच्या फटीत, स्वतःचं काही ऐकवायचं तर ते दोन मिनिटांत झालं पाहिजे. पसरट पीस पहिल्याच हंगामात गळून जातो.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मी हात वर केला. भोंगा बंद. मग नुसती ढोलकी आणि बायकांचे आवाज, त्यावर हरकत घ्यायला कुणी आलं नाही.

रात्री अकरा

जेवण आणि हिशेब. धसई 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून गाजलं होतं. यजमानांनी बाकी मोबाइलवरून पाठवली, चिठ्ठ्यांच्या नोटा मात्र रोखच. माणसं सहा, हिस्से आठ: एक गाडीचा, एक वाद्यांच्या दुरुस्तीचा. मास्तरचा हिस्सा वेगळा नाही. तो ठेवला असता तर पार्टी दुसऱ्याच हंगामाला फुटली असती, अशा फुटलेल्या पार्ट्या दोन्ही तालुक्यांत भरपूर.

एवढ्यात कॅसिओवाल्याने मोबाइल पुढे केला. कुणीतरी आमच्या एंट्रीचा व्हिडिओ टाकलाय. खाली कल्याणकडच्या एका पार्टीच्या बेंजोवाल्याने अंगठा दिलाय.

"रविवारी त्यांच्याकडं वाजंल बघ," ढोलकीवाला म्हणाला.

वाजेल. आमच्या धंद्यात चाल कुणाच्या नावावर लागत नाही. मीही ती आजीकडून उचललीय, ठेका त्या दूरच्या पोरांकडून. नक्कल करणाऱ्याला बारा मात्रा सापडतील, पण चावीवरचा तिरका रेटा व्हिडिओत दिसत नाही. आणि तोही सापडेपर्यंत आम्ही पुढे सरकलेलो असलो म्हणजे झालं. एक पीस एक हंगाम, यापेक्षा जास्त आयुष्य धरून बसणारी पार्टी मग जुनीच गाणी वाजवत राहते.

रात्री बारा

माल चढवला. उद्या टोकावड्याला हळद.

"उद्या उलटं करू," कॅसिओवाला ताडपत्रीखालून म्हणाला. "आधी चार, मग सहा."

"आणि कच्छी ढोल?" मी विचारलं.

"मी सकाळी आठला गोठ्यात," कच्छी ढोलवाला म्हणाला.

ऑक्टोपॅडवाला ऑक्टोपॅड मांडीवर घेऊन केव्हाच झोपला होता. त्याला कुणी विचारलं नाही, आठची वेळ पक्की झाली.