केंद्रक टाकून देणारी पेशी

माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी इतर पेशींसारखीच सर्व साहित्यानिशी तयार व्हायला लागते, पण पूर्ण वाढ होईपर्यंत स्वतःचे केंद्रकसुद्धा बाहेर टाकून देते. पेशीतला कोणता भाग कशासाठी असतो, हे तिने काय टाकले आणि त्याची काय किंमत मोजली यावरून फार चांगले कळते.

ही पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात घडते. तेव्हा तिच्यात केंद्रक असते आणि त्यात गुणसूत्रांच्या 23 जोड्या. हिमोग्लोबिन हे ऑक्सिजन वाहणारे प्रथिन कसे बनवायचे ही माहिती गुणसूत्रांमधल्या डीएनएत असते. डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही. त्याची आरएनए-रूपातली नक्कल बाहेर पेशीद्रव्यात येते आणि रायबोसोम तिच्याबरहुकूम अमिनो आम्ले जोडून प्रथिनाच्या साखळ्या तयार करतात. या प्रथिनाला लागणारा हीम नावाचा घटक मात्र तंतुकणिकेत पूर्ण होतो. लोहाचा अणू त्यात बसतो तोही तिथेच.

पुरेसे हिमोग्लोबिन साठत आले की आवराआवर सुरू होते. केंद्रक पेशीबाहेर ढकलले जाते आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. मग तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल हेही नाहीसे होतात. रायबोसोम तेवढे रक्तात आल्यावरही एखाददोन दिवस टिकतात. उरते ते पेशीपटल आणि आत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन रेणू.

हे पटल म्हणजे नुसती पिशवी नव्हे. मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने अशी त्याची घडण असते. काही प्रथिने ग्लुकोज आत घेतात, काही सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत ओढतात. शास्त्रज्ञ लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये ज्यांची ओळख करून दिली ते रक्तगट ठरतात तेही याच पटलावरच्या शर्करांवरून. पटलाला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची लवचिक जाळी असते. म्हणून सात-आठ मायक्रॉन व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट असलेली ही पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग दुमडून पार होते.

तंतुकणिका गेल्याचा तोटा मोठा आहे. त्या असत्या तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, सुमारे 30 रेणू मिळाले असते. तांबड्या पेशीला दोनांवर भागवावे लागते. पण ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही, हा सौदा शरीराच्या फायद्याचाच म्हणायचा. बेडूक आणि पक्षी यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक कायम राहते आणि त्यांचे काही अडत नाही.

केंद्रक नाही, रायबोसोम नाहीत, त्यामुळे झिजलेले प्रथिन नव्याने बनवता येत नाही. साधारण 120 दिवसांत पटल ताठर होते. प्लीहेतल्या बारीक फटींतून अशी पेशी निसटू शकत नाही, आणि भक्षक पेशी तिला गिळतात. त्यांच्या लयकारिकांमधली विकरे तिचे तुकडे करतात. लोह पुन्हा अस्थिमज्जेकडे जाते, हीमच्या उरलेल्या भागाचे पिवळे बिलिरुबिन होते. अशा नष्ट झालेल्या पेशींची भरपाई करण्यासाठी अस्थिमज्जा सेकंदाला 20 लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते. मधुमेहींची एचबीए1सी तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते ती या आयुर्मर्यादेमुळेच: हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पेशी असेपर्यंत सुटत नाही.

डीएनएमधल्या एका अक्षराच्या चुकीने हिमोग्लोबिनच्या साखळीतले एकच अमिनो आम्ल बदलते, आणि ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी होते. हाच सिकलसेल आजार. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबार भागात तो बराच आढळतो. ही चूक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेल्या, म्हणजे वाहक व्यक्तीला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही. पण आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. या भागांतल्या तरुण-तरुणींनी लग्न ठरवण्याआधी सिकलसेलसाठी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.