सहा गठ्ठ्यांची कचेरी

कचेरीत अर्ज दिला की आवक-जावक कारकून त्याची नोंद करून तो संबंधित टेबलाकडे पाठवतो. नागरिकाचा अर्ज खरा अडकतो तो त्यानंतर, टेबलाशेजारच्या ढिगात. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत या ढिगावरचा उपाय म्हणून सहा गठ्ठा पद्धत वापरली जाते. वरवर पाहता ती कागद लावण्याची रीत आहे. प्रत्यक्षात ती कार्यालय बदलण्याची रीत आहे.

कारकुनाने आपल्याकडचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात ठेवायचा. पहिला, ज्यावर आज काम करायचं आहे अशा प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचं आहे अशांचा. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक मुदतीत पाठवायच्या अहवालांचा. चौथ्यात शासन निर्णय, परिपत्रकं असे स्थायी आदेश. पाचवा अभिलेख कक्षात जाणाऱ्या निकाली प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. निकाली कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग देतात. 'अ' कायम जपायचा, 'ड' थोड्याच काळात काढून टाकायचा.

एवढं झालं की पहिल्या गठ्ठ्याची जाडी हेच त्या टेबलाचं खरं थकीत काम. ते साहेबांना दिसतं आणि कारकुनालाही. माझ्या मते या पद्धतीचा सगळा जोर इथेच आहे. 'काम फार आहे' या मोघम तक्रारीऐवजी किती प्रकरणं, कुठल्या टप्प्यावर, किती दिवसांपासून, यावर बोलता येतं. 2005 च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं ठरवून दिलं आहे. पण ढिगात सात दिवस मोजायचे कसे? गठ्ठे लावलेले असतील तरच तो कायदा टेबलापर्यंत पोहोचतो.

पळवाट असते दुसऱ्या गठ्ठ्यात. वरून 'शून्य प्रलंबित' असा आग्रह आला की एखादी क्षुल्लक त्रुटी काढून अर्जदाराला पत्र धाडायचं आणि प्रकरण प्रतीक्षाधीन करून टाकायचं. आकडा उतरतो, माणूस तिथेच राहतो. म्हणून दप्तर तपासणीला बसणाऱ्या अधिकाऱ्याने दुसरा गठ्ठा आधी सोडवावा. काय मागवलं होतं, ते मागवण्याची गरज होती का, स्मरणपत्र कधी गेलं, हे कागद हातात घेऊन विचारावं. हे काम खालच्यावर सोपवणाऱ्या अधिकाऱ्याची मोहीम महिन्याभरात विरते.

अशा प्रयत्नांना आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 1980 च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडी नव्याने बसवली. तिला 'लखिना पॅटर्न' असं नाव पडलं. अलीकडे पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम चालवली.

अडचण येते बदलीच्या वेळी. अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, कचेरी मात्र कायमची. त्यामुळे पदभार देताना प्रत्येक टेबलाची गठ्ठेनिहाय यादी सही करून द्यावी आणि पहिल्या आठवड्यातच नव्या साहेबांनी ती टेबलावर जाऊन पडताळावी.