पायाची राखण करणारी वहाण

शेतातून चालताना तुमच्या पायात कधी तरी बाभळीचा काटा रुतला असेलच. तेव्हा तुम्ही काय करता? विचार करण्याआधीच पाय वर उचलता, आणि काटा काढल्यावरच पुढचे पाऊल टाकता. त्या क्षणी दुखण्याचा राग येतो. पण त्या दुखण्यानेच आपला पाय वाचवला, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता दुसरे चित्र डोळ्यांपुढे आणा. अकोल्याजवळच्या एखाद्या गावातील आबाजी पंधरा वर्षांपासून मधुमेहाने आजारी आहेत. कपाशी निघालेल्या वावरातून ते घरी येतात आणि ओसरीवर रक्ताचे ठसे उमटतात. पऱ्हाटीचे धसकट चपलेतून आरपार जाऊन टाचेत घुसले आहे, पण आबाजींना त्याचा पत्ताच नाही! नातू घाबरून डॉक्टरांकडे चला म्हणतो. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "दुखत तं नाही रे बापू, मंग डाक्टर कायले पाह्यजे?"

हे चित्र कल्पनेतले आहे, पण असे आबाजी तुमच्याही घरी असू शकतील. खरी गोम त्यांच्या उत्तरातच आहे. दुखत नाही, म्हणूनच तर डॉक्टर हवा!

पहारेकरी झोपतो कसा?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंना इजा होऊ लागते. कमरेपासून पावलापर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब असतात. बहुधा त्यांनाच प्रथम झळ पोचते. त्यामुळे मोजा घालावा तशी बधिरता बोटांपासून वर चढत जाते. पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते आणि तिला भेगा पडतात. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर झालेली जखम लवकर भरत नाही. तिच्यात जंतू शिरले आणि हाडापर्यंत पोचले, तर बोट किंवा पायही कापावा लागतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या दर शंभरांपैकी १९ ते ३४ जणांच्या पायाला आयुष्यात कधी तरी चिघळणारी जखम होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

एक सोपे गणित

सगळ्या जखमा काट्यानेच होतात असे मात्र नाही. नुसत्या चालण्यानेही जखम होऊ शकते. कशी ते पाहू.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. समजा, ६० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि त्याच्या तळव्याचा १०० चौ. सेंमी. भाग जमिनीला टेकला आहे. म्हणजे दर चौ. सेंमी.वर ०.६ कि.ग्रॅ. भार आला. पण चालताना टाच उचलली जाते आणि सारा भार चवड्यावर येतो. तो भाग २० चौ. सेंमी. धरला, तर हाच भार दर चौ. सेंमी.ला ३ कि.ग्रॅ. होतो! आणि दिवसाकाठी आपण हजारो पावले टाकतो.

तुमचा-आमचा पाय अशा वेळी युक्ती करतो. एक जागा हुळहुळली, की आपण नकळत पाऊल थोडे तिरपे टाकतो आणि भार दुसरीकडे नेतो. बधिर पायाला हे जमत नाही. तो त्याच जागेवर पुनःपुन्हा आपटत राहतो. ती जागा आधी गरम होते, मग सुजते आणि शेवटी फुटते.

कुष्ठरोग्यांच्या पावलांनी शिकवलेला धडा

हे ज्ञान प्रथम मधुमेहातून मिळाले नाही, ते मिळाले कुष्ठरोगातून. या रोगातही मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय बधिर होतात. समाजाने दूर लोटलेल्या अशा रुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीला 'तपोवन' उभारले. त्याच वर्षी डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. डॉ. ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले आणि दाखवून दिले, की मांस आपोआप झडत नाही. न जाणवलेले चटके, काप आणि घर्षण हीच त्या हानीची मुख्य कारणे आहेत. मग पायाला जपणारे पायताण का करू नये? वेल्लोरला सूक्ष्म हवेचे बुडबुडे असलेल्या मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. पावाच्या लादीसारखे हे रबर दाबाखाली दबते. त्यामुळे तळव्याचा जास्त भाग टेकतो आणि दाब विभागला जातो. वरचे गणित आठवा: क्षेत्रफळ वाढले, की दाब कमी! 'एमसीआर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चपला कुष्ठरोग्यांना आजही दिल्या जातात, आणि मधुमेहाच्या रुग्णांनाही त्या उपयोगी पडतात.

पुढे डॉ. ब्रँड अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने रंग भरलेल्या सूक्ष्म कुप्यांचे मोजे करून पाहिले. जेथे दाब जास्त पडे, तेथील कुप्या फुटून मोज्यावर रंगाचा डाग उमटे. १९६९ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. आजच्या 'स्मार्ट' बुटांचा हा पूर्वजच म्हणायचा!

बूट बोलू लागतो

आता रंगाच्या जागी वीज आली आहे. बुटाच्या सुखतळ्यात पातळ संवेदक बसवतात. दाब वाढला, की त्यांचा विद्युतरोध कमी होतो. हा बदल मोजून इवले यंत्र मनगटावरच्या घड्याळाला निरोप धाडते: "उजव्या चवड्यावर फार वेळ भार आहे, पाय हलवा!" इंग्लंडमधील मँचेस्टर येथे पूर्वी जखम होऊन गेलेल्या ५८ रुग्णांवर याची चाचणी झाली. २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इशारा मिळणाऱ्या गटात जखमांचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरी युक्ती तापमानाची. फुटण्याआधी जागा गरम होते, हे आपण पाहिलेच. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाय उन्हाने तापला की सुजेने, हे कसे ओळखायचे? उत्तर मोठे मजेदार आहे. ऊन दोन्ही पायांना सारखेच लागते! म्हणून दोन्ही पावलांवरील त्याच जागेचे तापमान मोजून वजाबाकी करायची. फरक २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त राहिला, तर तो धोक्याचा इशारा समजून चालणे कमी करायचे आणि डॉक्टरांना भेटायचे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अनंतसुरेश यांच्या गटाने तर २०२२ साली विजेवाचून चालणारा उपाय मांडला. त्यांच्या चपलेच्या तळात छोट्या कमानी असतात. ठरावीक मर्यादेपलीकडे दाब आला, की कमान झटकन उलटी वाकते आणि भार शेजारच्या भागावर जातो. दाब निघाला, की ती पूर्ववत होते. ना घड्याळ, ना चार्जिंग! चिखलाच्या वाटा आणि वीज जाणारी गावे असलेल्या आपल्या भागाला असा विचार जवळचा वाटावा.

पण बूट कितीही शहाणा झाला, तरी तो इशारा देतो किंवा भार हलवतो, इतकेच. साखर ताब्यात ठेवणे आणि इशारा मिळताच थांबणे हे माणसालाच करावे लागते. आपल्याकडे अनवाणी चालण्याचे प्रसंगही पुष्कळ. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेली कावड तुम्ही पाहिली असेल. शाबूत पायाला खडा टोचला तर कळतो. बधिर पायाने मात्र घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. पायताण घालण्याआधी ते झटकून आत हात फिरवावा, आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

आज घरी हे करून पाहा

घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांना पाय उघडे करून निजायला आणि डोळे मिटायला सांगा. स्पर्श जाणवताच 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे, असे ठरवा. आता तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचे अंगठे, करंगळ्या आणि मधली बोटे अशा सहा जागांना एकेकदाच, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, पुन्हा लावू नका. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्या. सगळे कळले, तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेतच.

या परीक्षेला पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही. आणि त्या वेळी "दुखत तं नाही" असे कोणी म्हणालेच, तर काय उत्तर द्यायचे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.