साचा चोरला, माल बदलला

हवेच्या स्पंदनांवर चालणारं ‘वूमनायझर’ हे सेक्स टॉय जर्मनीच्या मिशाएल लेंके यांनी २०१४ मध्ये बाजारात आणलं. लवकरच त्याच तत्त्वावरची कितीतरी स्वस्त उपकरणं आली आणि पेटंटचे खटले उभे राहिले. निदान ‘वूमनायझर’च्या कंपनीला वकील परवडत होते.

अशी खेळणी बनवणाऱ्या दोन-चार माणसांच्या कारखान्याचं तसं नसतं. नमुना घडवायचा, साचा काढायचा, निर्वात भांड्यात प्लॅटिनम-सिलिकॉनमधले बुडबुडे काढायचे. घडवायच्या मातीत गंधक असलं की सिलिकॉन घट्टच होत नाही. सगळा घाणा वाया. नक्कल करणारा एक नग विकत घेतो, त्यावरूनच साचा काढतो आणि आत पीव्हीसी नाहीतर टीपीईसारखं स्वस्त प्लास्टिक ओततो. फोटोत दोन्ही सारखेच! हातात घेतल्यावर मात्र तेलकट चिकटपणा आणि नव्या रेनकोटचा वास. सिलिकॉन उकळून निर्जंतुक करता येतं. हा सच्छिद्र माल उकळला तर आकारच जातो.

ग्रीनपीस नेदरलँड्सने २००६ मध्ये आठ सेक्स टॉइज तपासून घेतली, तेव्हा सातांमध्ये २४ ते ५१ टक्के थॅलेट निघाली. ती सगळी खेळणी नक्कलच होती असं नव्हे. पण प्लास्टिक मऊ करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे थॅलेटच. या वस्तूंसाठी ‘आयएसओ ३५३३’ मानक यायला २०२१ उजाडलं, आणि तेही ऐच्छिक.