सवय मनाला होते, रक्ताला नाही

आज आपण दुसऱ्या बाळंतपणाविषयी बोलणार आहोत. म्हणजे एक लेकरू अंगणात खेळतंय आणि दुसरं पोटात आहे, अशा घराविषयी.

पहिल्या वेळी सगळं घर बाईकडे बघतं. डोहाळे विचारतात, ओटी भरतात, माहेरची माणसं न्यायला येतात. दुसऱ्या खेपेला मात्र "तुला काय, आता सवय आहे" असं म्हणतात. बऱ्याच घरांत पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी असा रिवाज आहे. त्यामुळे पाणी, धुणं, गोठा, खुरपणी आणि कडेवरचं पोर हे सगळं नववा महिना लागला तरी सुटत नाही. पण सवय मनाला होते, रक्ताला होत नाही.

पहिल्या बाळंतपणात आणि बाळाला अंगावर पाजण्यात आईच्या शरीरातला साठा खर्च होतो. तो भरून यायला वेळ लागतो. म्हणूनच बाळ झाल्यावर निदान दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण दिवस गेलेच असतील, तर पहिल्या 12 आठवड्यांच्या आत आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नाव नोंदवा. रक्त तपासून घ्या आणि आकडा लक्षात ठेवा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असलं तर तो पंडुरोग. 7 च्या खाली गेलं तर ते जिवावरचं दुखणं समजा आणि लगेच डॉक्टर गाठा.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. चहाबरोबर घेतली तर तिचा गुण कमी येतो. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळलं की लोह चांगलं अंगी लागतं. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच होतं. धनुर्वाताची इंजेक्शनं पहिल्या खेपेला कधी घेतली होती ते नर्सताईंना सांगा. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा दिवस गेले असतील आणि मागे दोन्ही डोस झाले असतील, तर या वेळी एकच पुरतो.

आता पहिल्या लेकराचं बघू. पोटुशी बाईने अंगावर पाजलं की दूध बाधतं, असं म्हणत लेकराला एका दिवसात तोडतात. दूध बाधत नाही. आईची तब्येत ठीक असेल, तर पाजायला हरकत नाही. फक्त आईच्या जेवणात एखादी भाकरी, वाटीभर डाळ वाढली पाहिजे. मागे दिवस भरायच्या आधी कळा आल्या असतील किंवा आता अंगावरून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाजा. लेकराला उचलायचं तर उभ्यानं वाकून नको. आपण खाली बसावं, त्याला मांडीवर येऊ द्यावं.

नवं बाळ आलं की मोठं लेकरू अंथरूण ओलं करायला लागतं, बोबडं बोलतं, आईला सोडत नाही. तो हट्टीपणा नाही, आपली जागा गेली की काय अशी त्याची भीती असते. म्हणून बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधीपासून त्याला आजीजवळ किंवा बापाजवळ झोपायची, त्यांच्या हातून जेवायची सवय लावा. आई दवाखान्यात गेली त्याच रात्री ही सवय लावायला गेलं, तर लेकराला वाटतं की बाळानंच आईला नेलं.

घरातल्या कामाचंही वाटप आत्ताच करा. पाण्याचे हंडे, धान्याची पोती आणि शेतातली फवारणी ही कामं गरोदर बाईकडे नकोत. दुपारी दोन तास आडवं होणं हा आळस नाही, औषध आहे. सासूबाईंना आणि घरधन्याला हे बाईनं एकटीनं सांगणं अवघड जातं. ते गटातल्या मैत्रिणींनी घरी जाऊन सांगावं.

पहिली मुलगी असली की दुसऱ्या खेपेला घरात एक प्रश्न दबक्या आवाजात फिरतो. मैत्रिणींनो, मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. त्यात बाईचा दोष नाही आणि बाईच्या हातातही काही नाही. गर्भाचं लिंग तपासणं 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे. उलट दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र आईला 6000 रुपये मिळतात. महाराष्ट्रात पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरांत 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे. मुलगी 18 वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. अटी आणि कागद अंगणवाडीताईंना विचारा.

शेवटी कळांविषयी. दुसऱ्या वेळी बाळंतपण बहुतेकदा पहिल्यापेक्षा लवकर होतं. "मागे रात्रभर लागली होती" म्हणून घरी थांबलं, तर वाटेतच बाळंत व्हायची वेळ येते. म्हणून कळा नियमित सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की लगेच निघा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघू नका. मागचं सिझर असेल, तर जिथं ऑपरेशनची सोय आहे तोच दवाखाना आधी ठरवून ठेवा.

102 किंवा 108 नंबरला फोन केला की गाडी येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

या आठवड्यात गटाची बैठक होईल, तेव्हा हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. गावात दुसऱ्या खेपेची कोण आहे? तिच्या रक्ताचा आकडा काय? तिचा हंडा कोण उचलतं? आणि रात्री कळा आल्या तर तिच्या मोठ्या लेकराजवळ कोण झोपणार? या चार प्रश्नांची उत्तरं नावानिशी वहीत लिहा. जिथं नाव लिहिता येत नाही, तिथं आपल्यापैकी कुणीतरी आपलं नाव लिहावं.