ताट वाजले, बाळ वळले. पण ऐकले का?

‘याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ दीड-दोन वर्षांचे मूल बोलेना, की अनेक घरांत हे वाक्य हमखास ऐकू येते. मग जिभेला वेखंड उगाळून लावले जाते आणि वाट पाहिली जाते. त्या वाक्यात तथ्य आहेच. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. पण कोणते मूल बरोबरीला येईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय न बोलण्यामागे न ऐकणे असेल, तर वाट पाहण्यात गेलेला काळ भरून काढणे फार अवघड होते.

भाषेची सुरुवात जिभेपासून नव्हे, कानापासून होते. १९८४ मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ हे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता आला. १० ते १२ महिन्यांच्या मुलांत मात्र ही क्षमता ओसरलेली दिसली. म्हणजे पहिला शब्द फुटण्याआधीच मूल आपल्या भाषेचे ध्वनी निवडू लागलेले असते. ज्याला ऐकूच येत नाही, त्याचे हे महिने रिकामे जातात.

आणि ते कळतही नाही. बहिरे बाळही हसते, रडते, हुंकार देते. ऐकणारी मुले साधारण १० महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावू लागतात. बहिऱ्या मुलांत ती लांबते. पाठीमागे ताट वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा फसवी आहे. बाळाला हालचाल दिसते, जमिनीची थरथर जाणवते. काहींना ताटाचा दणका ऐकू येतो, पण ‘स’सारखा हलका ध्वनी येत नाही.

खरी परीक्षा शक्य झाली ती लंडनच्या डेव्हिड केम्प यांच्यामुळे. निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, त्याचा सूक्ष्म प्रतिध्वनी परतही पाठवतो, हे त्यांनी १९७८ मध्ये दाखवले. आज झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत तो टिपता येतो. पहिल्या दिवसांत कानात द्रव साचलेला असेल, तर निरोगी बाळही नापास होऊ शकते. म्हणून नापास म्हणजे बहिरे नव्हे, फेरतपासणी हवी. कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग या चाचणीत कळत नाही. त्यासाठी, विशेषतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी, ‘बेरा’ तपासणी लागते.

१ महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपाय, असा दंडक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये क्रिस्टिन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ६ महिन्यांपर्यंत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली.

मग बोलण्याचीही सरसकट चाचणी करावी का? इथे पुरावा तितका भक्कम नाही. ज्यांच्याबद्दल कोणालाच शंका नाही, अशा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सरसकट चाचणीचा लाभ ठरवण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्येही नोंदवले. पण आईला शंका असेल, तर हा निष्कर्ष तिला लागू नाही. तिची शंका ही पहिली चाचणीच समजावी.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. भाषेचा विलंब आणि श्रवणदोष दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी रचना आहे. पथक आले, की विचारावे. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, दोन वर्षांचे होऊनही ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर पुढच्या फेरीची वाटही पाहू नये.

बाप उशिरा बोलला असेल. पण त्याला ऐकू येत होते. लेकराचे तेवढे आधी तपासून घ्यावे.