पंचहौदच्या घंटेखाली (९) : तान्ह्याचा बाप्तिस्मा, जाणत्याचा बाप्तिस्मा

गेल्या आठवड्यात पंचहौद मिशनमधला १८९० चा चहा आपण शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. या आठवड्यात पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार उघडायचं मी कबूल केलं होतं. तो पुढच्या रविवारवर ढकलतो आहे, कारण मध्येच पणदऱ्याहून एक पत्र येऊन पडलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्र लिहिणारे बागायतदार आहेत. बारामतीत त्यांचे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला हे गेले, तेव्हा मुलगा कॉलेजात शिकत होता. चार लोकांसमोर त्यानं आपला विश्वास बोलून दाखवला, पाण्यात उतरला आणि पाळकांनी त्याला पुरता पाण्याखाली नेऊन वर काढला. पुढं याच स्नेह्यांबरोबर पुण्याला त्यांच्या नातेवाइकांकडे जाणं झालं, तर तिथं तीन महिन्यांच्या बाळाच्या कपाळावर ओंजळभर पाणी ओतलं गेलं आणि पेढे वाटले गेले. पत्रात विचारलंय : ‘दोघंही प्रोटेस्टंट, बायबलही एकच. मग यातला खरा बाप्तिस्मा कुठला?’ खाली ताजा कलम आहे : ‘नीरा डाव्या कालव्यात बाप्तिस्मा चालतो का?’

ताज्या कलमाचं उत्तर सोपं आहे. चालतो. पाणी हवं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं व्हायला हवा, एवढीच अट. आवर्तन सुरू असताना पाय घसरणार नाही याची काळजी मात्र आपली आपण घ्यावी.

वरच्या प्रश्नासाठी आधी बारामतीकडे बघावं लागतं. बारामती, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे मिशन आलं ते इंग्लंडच्या चर्चचं नव्हतं. ते ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचं. सरकारनं ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यासाठीची बारामतीची वसाहतही याच मिशननं चालवली. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख गोड नसेल.

या पंथाचं मूळ अमेरिकेत. १८१२ च्या मार्चमध्ये अलेक्झांडर कॅम्पबेल या तरुण उपदेशकाला पहिली मुलगी झाली. घराणं प्रेस्बिटेरियन, म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा करणारं. हिचा करायचा का, या प्रश्नानं त्याला गाठलं. त्यानं नवा करार पुन्हा पालथा घातला आणि निष्कर्ष काढला तो असा, की मुलीचं राहू द्या, आपला स्वतःचाच बाप्तिस्मा अजून झालेला नाही. १२ जून १८१२ रोजी तो, त्याची बायको, आईवडील असे सगळे बफलो क्रीक नावाच्या ओढ्यात उतरले. आधी विश्वास, मग पाणी. बाळ विश्वास ठेवू शकत नाही, म्हणून बाळाला बाप्तिस्मा नाही. मतांगीकारही (श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) नको, बायबल पुरे. बारामतीच्या मंडळीचं वळण इथून आलंय.

पुण्याचं पंचहौद मात्र इंग्लंडच्या चर्चचं, म्हणजे अँग्लिकन. त्याचं वळण निराळं. अँग्लिकन माणसाला ‘तुम्ही काय मानता?’ असं विचारलं तर तो सिद्धान्त सांगत बसत नाही, प्रार्थनेचं पुस्तक हातात देतो. गुडघे टेकून आम्ही जे म्हणतो तेच आम्ही मानतो, असा त्याचा खाक्या. म्हणून मीही पुस्तकच उघडलं. १६६२ सालचं, ज्यावर पुढच्या कितीतरी पिढ्या वाढल्या ते.

त्यात बाळाच्या बाप्तिस्म्याचा विधी आहे. मुलगा असेल तर दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता. मुलगी असेल तर दोन धर्ममाता आणि एक धर्मपिता. बाळाच्या वतीनं ते तीन गोष्टी कबूल करतात : सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग, प्रेषितांच्या मतांगीकारावर विश्वास, आणि देवाच्या आज्ञांचं पालन. बाळ झोपलेलं असतं किंवा रडत असतं. पुढं त्याला मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रश्नोत्तरी येऊ लागली की त्याला बिशपपुढं उभं करायचं. तिथं लहानपणी दुसऱ्यांनी दिलेला शब्द तो स्वतःच्या तोंडानं देतो, बिशप डोक्यावर हात ठेवतात. हे दृढीकरण. म्हणजे बारामतीत एका दिवशी जे होतं, ते पंचहौदला दोन हप्त्यांत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये दहा-पंधरा वर्षं जातात.

आता गंमत बघा. त्या पुस्तकात बाळावर पाणी शिंपडा असं लिहिलेलंच नाही. बाळाला सोसवेल असं धर्ममातापित्यांनी सांगितलं, तर त्याला हलक्या हातानं, जपून पाण्यात बुडवावं, अशी सूचना आहे. बाळ अशक्त असेल तर नुसतं पाणी ओतलं तरी पुरे. सवलत होती ती अशक्त बाळांसाठी, घेतली सगळ्यांनी! बुडवण्यावरून बारामतीकरांशी वाद घालणाऱ्या पुणेकर मंडळींनी स्वतःचं पुस्तक एकदा नीट वाचावं.

त्याच १६६२ च्या पुस्तकात आणखी एक विधी नव्यानं घातला गेला, तो जाणत्या वयाच्या माणसांच्या बाप्तिस्म्याचा. कारण प्रस्तावनेतच दिलंय. एक तर बाळाचा बाप्तिस्मा नाकारणारे लोक इंग्लंडमध्ये वाढले होते, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेली पिढी मोठी झाली होती. आणि दुसरं म्हणजे, समुद्रापारच्या वसाहतींमधले नवे ख्रिस्ती होणारे लोक. तेव्हा मुंबई बेट अजून इंग्रजांच्या हातातही आलं नव्हतं. पण पुढं नीळकंठशास्त्री गोरे यांच्यासारख्या व्युत्पन्न शास्त्र्याला १८४८ साली अँग्लिकन मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा दिला, तेव्हा मोठ्यांसाठीचा विधी तयार होता.

दोन्ही विधी एकाच दिवशी, एकाच घरात घडल्याचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच रमाबाईंचं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुराणांपासून ब्राह्मोसमाजापर्यंत सगळं तपासून, वाद घालून, पंचविशीत. त्याच दिवशी त्यांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. आई शोधत शोधत दारापर्यंत आली, लेक आईच्या कडेवरून आत गेली. अँग्लिकन मताप्रमाणं दोघींना मिळालेली कृपा सारखीच, कारण कृपा देणारा देव आहे, आपली समजूत नव्हे. फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्यानं घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्या घरात लेकरं असणारच, असं अँग्लिकन म्हणतात. समोरचे म्हणतात, ‘असणारच’ हे तुमचं; तिथं लिहिलंय कुठं?

मला विचाराल तर तर्क कॅम्पबेलचा चोख आहे. नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख दाखवता येत नाही. तरीही धर्म एकेकट्यानं स्वीकारायचा नसतो, मंडळीच्या मांडीवर वाढायचा असतो, ही अँग्लिकन जाण मला जास्त खोल वाटते. पटलं नाही तर जरूर भांडा.

हे भांडण आपल्याकडे मिटलं कसं, ते मात्र सांगितलंच पाहिजे. उत्तर भारतातले पंथ एकत्र आणायची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. एक्केचाळीस वर्षं! अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्यांचं संयुक्त चर्च असे सहा पंथ त्यात आले. अमेरिकी परंपरेतले मेथडिस्ट अगदी उंबरठ्यावरून मागं फिरले. नारायण वामन टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्या नगरकडच्या मंडळ्या आणि पंचहौद आता एकाच छत्राखाली आल्या. याच नगर जिल्ह्यात १८७० च्या दशकात अमेरिकन आणि अँग्लिकन मिशनांनी एकमेकांच्या माणसांवरून चांगलीच कडवट भांडणं केली होती.

डिसायपल्स म्हणजे कॅम्पबेलच्याच वंशावळीतले, बारामतीकरांचे चुलतभाऊ. त्यांच्याबरोबर बाप्तिस्म्याचा प्रश्नही घरात आला. ठरलं ते असं : दोन्ही रीती मान्य. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा करायचा त्यांनी करावा, मोठेपणी दृढीकरण व्हावं. ज्यांना नको त्यांनी बाळ देवाला अर्पण करून आभार मानावेत, बाप्तिस्मा जाणतेपणी. बाप्तिस्मा एकदाच, दुसऱ्यांदा नाही. आणि लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्यावरून कुणाच्या मनाला खरंच टोचणी लागली, तर प्रकरण बिशपकडे; त्यांनी वडीलधाऱ्यासारखी समजूत घालावी. कुणाचाही बाप्तिस्मा खोटा ठरवला नाही. पंचहौदला काही सोडावं लागलं नाही, शेजाऱ्याला जागा मात्र द्यावी लागली.

तेव्हा पणदऱ्याच्या वाचकांना उत्तर : दोन्ही खरे. स्नेह्यांच्या मुलाला आणि पुण्याच्या त्या बाळाला, दोघांनाही, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बाप्तिस्मा झालेलेच मानतं.

पुढच्या रविवारी नक्की रमाबाई आणि जेराल्डीन. दरम्यान एक विनंती. मराठी प्रार्थनापुस्तकाच्या जुन्या प्रती घराघरांतून रद्दीत जाताहेत. कुणाकडे आजी-आजोबांची असेल, पहिली पानं फाटलेली असली तरी, टाकू नका. मला कळवा, मी येऊन बघीन आणि तिथंच ठेवून परत जाईन.